ताणावर फुलणारी वेल

मोसंबीचा बहार धरणाऱ्या शेतकऱ्याला ताण म्हणजे काय, हे कुणी शिकवावं लागत नाही. आंबे बहार घ्यायचा तर थंडी सुरू झाली की तो बागेचं पाणी तोडतो. हलक्या रानात महिनाभर, भारी काळ्या रानात दीड-दोन महिने. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, गळायला लागतात. रस्त्यानं जाणारा विचारतो, ‘काय, बाग वाळवली का यंदा?’ शेतकरी हसतो आणि वाट बघतो. जानेवारीत तो आळी करतो, खत घालतो, पहिलं पाणी हलकं सोडतो, आणि काही दिवसांत झाड कळ्यांनी लगडतं. उपाशी ठेवल्यावर झाडाला फुलायची घाई होते, हे मराठवाड्यातल्या बागायतदाराच्या अंगवळणी पडलेलं ज्ञान आहे. तोच माणूस संध्याकाळी घरी येतो, ओट्यासमोरच्या बोगनवेलीच्या बुडात पाण्याची नळी सोडून चहा प्यायला बसतो आणि तक्रार करतो, की ही नुसती पाल्यानं माजते, फूल म्हणून धरत नाही.

ही पुस्तिका त्या तक्रारीपायी लिहावी लागली. पाथरी, मानवत, सेलू, सोनपेठ या भागात कुणाच्याही अंगणात चार माणसं जमली आणि झाडांचा विषय निघाला, की ती हमखास कानावर येते. तिचं उत्तर रोपवाटिकेत मिळत नाही, खताच्या दुकानात तर मुळीच मिळत नाही. ते शेतकऱ्याला त्याच्याच बागेत मिळून गेलेलं आहे. शेतातून अंगणात येताना ते कुठं सांडतं, एवढाच प्रश्न आहे.

आधी निवडीबद्दल. फुलांच्या वेली आपल्याकडे थोड्या नाहीत. जाई-जुईला घरात जो मान आहे तो दुसऱ्या कुठल्या वेलीला मिळणार नाही. पण चुनखडीच्या काळ्या मातीत त्यांची पानं पिवळी पडतात आणि उन्हाळ्यात त्यांना रोज जपावं लागतं. मधुमालती गुणी आहे. संध्याकाळी पांढरं उमलणारं तिचं फूल पुढं गुलाबी आणि मग लाल होतं, वासही गोड. मात्र ती एकदा जमिनीला लागली की बुडातून इतके फुटवे फेकते की सगळं अंगण ताब्यात घेते. संक्रांतवेल जानेवारीत केशरी पडदा सोडते आणि वर्षाचे बाकीचे महिने गप्प असते. गोकर्ण, गणेशवेल या हंगामी पाहुण्या. कृष्णकमळ हौसेचं. या सगळ्यांवर लिहायला हरकत नव्हती, पण अर्धवट दहा वेलींपेक्षा एक वेल नीट समजून घ्यावी असं मला वाटलं, आणि ती कोणती हे एप्रिल महिन्यानं ठरवलं. पारा बेचाळिसाच्या पुढं गेलेला, रान भेगाळलेलं, बाभळीखेरीज हिरवं काही दिसत नाही, अशा दिवसांत पाथरीच्या आसपास जे झाड राणी, केशरी, पांढरं भरून उभं असतं ते बोगनवेलीचं.

पाथरी तालुका गोदावरीकाठचा. जमीन बहुतेक काळी, खोल, चिकण. पाऊस बरा झाला तर तो ऐंशी-नव्वद सेंटिमीटरच्या घरात, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात पडून जाणारा. हिवाळ्यात परभणीचा पारा एक अंकी झाल्याची बातमी दरवर्षी कधी ना कधी छापून येते. म्हणजे उन्हाळा भाजणारा, हिवाळा कोरडा आणि गार, ऊन वर्षभर भरपूर. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या वेलीला आणखी काय हवं? अडचण एकच आणि ती पायाखाली आहे. काळी माती ओली असताना पाणी सोडत नाही, आणि वाळली की आक्रसून भेगाळते, मुळ्या तोडते. बोगनवेलीच्या मुळ्या बारीक आणि ठिसूळ असतात. तिला यातलं काहीच मानवत नाही.

त्यात भर जायकवाडीची. पैठणच्या धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ मध्ये धरणाचं लोकार्पण झालं, आणि डाव्या कालव्याचं पाणी या भागात आल्यावर इथल्या शेतीचा चेहराच बदलला. ज्वारी-कापसाच्या रानात ऊस उभा राहिला. कालव्याचं आवर्तन सुटलं की जमेल तेवढं पाणी घेऊन ठेवायचं, ही सवय तेव्हापासूनची. ती सवय समजण्यासारखी आहे. ज्या मुलखानं १९७२ चा दुष्काळ पाहिला, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी जाताना पाहिलं, तिथला माणूस पाणी हाताशी असताना ते झाडाला न देणं हा निष्ठुरपणा समजणार. माया करायची तर पाणी द्यायचं. बोगनवेलीच्या बाबतीत मात्र ही माया उलटते, आणि तिचं कारण वेलीच्या अंगरचनेत आहे.

आपण जिला बोगनवेलीची फुलं म्हणतो ती फुलं नाहीत. ती रंगीत झालेली पानं आहेत. तीन रंगीत पानांचा झुबका आणि प्रत्येक पानाच्या मधल्या शिरेला चिकटलेली एक बारीक, पिवळसर पांढरी नळी. ती नळी म्हणजे खरं फूल. कागदासारखी ही पानं दिवसचे दिवस टिकतात, कारण ती पाकळ्या नाहीतच. त्यांचा रंगही जास्वंद-गोकर्णीच्या रंगाच्या जातीचा नाही. बिटाला आणि लाल माठाला जो लाल रंग असतो, त्याच कुळातला तो रंग आहे. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं तिचे सख्खे नातलग आपल्या ओळखीचे आहेत. संध्याकाळी अंगणात उमलणारी गुलबक्षी तिच्या घरची, आणि बांधावर जमिनीलगत पसरणारी पुनर्नवा, जिला आपल्याकडे घेटुळी म्हणतात आणि जिची भाजी करतात, तीही तिच्या घरची. पुनर्नवेचा वेल उन्हाळ्यात वाळून नाहीसा होतो आणि पहिल्या पावसानं त्याच मुळातून उठतो. या घराण्याला उपासमार नवी नाही.

आता काट्याविषयी, कारण माझ्या मते बोगनवेलीची सगळी शेती या एका गोष्टीत आहे. तिचा काटा पानाच्या बेचक्यातून येतो. तिच्या फुलांचा तुरा कुठून येतो? त्याच बेचक्यातून. काटा आणि तुऱ्याचा दांडा हे मुळात एकाच कोंबाचे दोन शेवट आहेत, हे वनस्पतिशास्त्रज्ञांनी फार पूर्वी दाखवून दिलं. वाढ जोरात चालू असेल, शेंडा धावत असेल, तर त्या कोंबाचा काटा होतो. वाढ थबकली, दिवस लहान झाले, ऊन पुरेसं मिळालं, की त्याच कोंबाचा तुरा होतो. झाडाच्या अंगातलं वाढीचं संजीवक, जिब्रेलिक आम्ल, बाहेरून फवारलं तर तुऱ्याच्या जागी काटे येतात, हेही प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे रोज संध्याकाळी नळी सोडणारा आणि वर मूठभर युरिया टाकणारा माणूस स्वतःच्या हातानं फुलांचे काटे करत असतो. पुढच्या वेळी न फुलणारी वेल दिसली तर तिचे काटे बघा. ते लांब, जाड आणि भरपूर असतील.

या वेलीचा इतिहास बोटींवरचा आहे. १७६६ ते १७६९ या काळात लुई-आंत्वान द बुगँव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीनं पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच्या ताफ्यात फिलिबेर कॉमेर्सन नावाचा वनस्पतितज्ज्ञ होता. १७६७ मध्ये ब्राझीलच्या रिओ द जानेरोला जहाजं थांबली असताना कॉमेर्सनच्या संग्रहात ही वेल आली आणि तिला मोहिमेच्या नायकाचं नाव मिळालं. ती प्रत्यक्ष कुणी तोडून आणली याबद्दल मात्र अलीकडचे अभ्यासक वेगळा तर्क करतात. कॉमेर्सनला पायाचं दुखणं होतं आणि डोंगरदऱ्यांतून झाडं गोळा करण्याचं बरंचसं काम त्याचा मदतनीस करी. हा मदतनीस पुरुषाच्या वेशातली स्त्री होती. तिचं नाव जान बारे. फ्रेंच आरमाराच्या जहाजावर बायकांना बंदी होती म्हणून तिनं ते सोंग घेतलं, आणि पृथ्वीप्रदक्षिणा करणारी ज्ञात इतिहासातली पहिली स्त्री ती ठरली. वेलीला नाव कप्तानाचं मिळालं, यात नवल करण्यासारखं काही नाही.

भारतात ती आली १८६० च्या सुमारास, कलकत्त्यात. तिथून बागाबागांतून, रेल्वेच्या स्टेशनांतून, छावण्यांतून आणि साहेबांच्या बंगल्यांतून ती देशभर पसरली. कलकत्त्याच्या अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीचा या प्रवासात मोठा वाटा आहे आणि ती संस्था १८२० मध्ये स्थापन केली विल्यम केरीनं. मराठी वाचकाला हे नाव दुसऱ्या कारणानं माहीत असायला हवं: मराठीचं छापील व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये काढणारा मिशनरी तो हाच. बंगालातल्या श्रीरामपूरला बसून वैजनाथ पंडितांच्या मदतीनं मराठीचे शब्द गोळा करणारा हा माणूस फावल्या वेळात झाडं लावत होता आणि देशोदेशींची बियाणी मागवत होता. त्याच्या हयातीत बोगनवेल इथं पोचली नव्हती, पण त्यानं स्थापन केलेल्या संस्थेच्या बागेत १९४९ मध्ये एक गंमत घडली. एका वेलीच्या फांदीवर आपोआप वेगळ्या रंगाचे झुबके आले; एकाच झाडावर पांढरे आणि गडद गुलाबी, कधी कधी एकाच झुबक्यात दोन्ही. ती ‘मेरी पामर’. आज रोपवाटिकेत ‘दोन रंगी’ म्हणून जी मागितली जाते ती ही, आणि तिच्यासारखीच फुलणारी पण पानांवर पिवळे ठिपके-पट्टे असलेली ‘थिम्मा’.

असे फांदीवरचे अपघात हा बोगनवेलीचा स्वभाव आहे. आपल्याकडे ती बी क्वचित धरते. तिच्या शेकडो वाणांतले बरेच बीजापासून आलेले नाहीत. एखादी फांदी आईपेक्षा वेगळी निघाली, कुणा सावध माळ्याच्या नजरेत आली, त्यानं तिचं कलम बांधलं, असा त्यांचा जन्म आहे. अंगणातल्या वेलीवर एखादी फांदी वेगळ्या रंगाची दिसली तर ती रोग समजून छाटू नका, हे मी आवर्जून सांगतो. संकराच्या वाटेनंही मोलाची भर पडली. कोलंबियातल्या कार्टाहेनाच्या एका बागेतून १९१० मध्ये त्रिनिदादला नेलेल्या किरमिजी वेलीला नेणाऱ्या बाईंचं नाव मिळालं, ‘मिसेस बट’. आज दिसणाऱ्या लाल, केशरी, पिवळ्या वाणांपैकी कितीतरी तिच्या वंशातले. भारतात या वेलीला शास्त्रज्ञाचं प्रेम मिळालं ते बी. पी. पाल यांचं. गव्हाच्या तांबेरा रोगाशी झुंजणारे वाण काढणारा, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा पहिला महासंचालक झालेला हा माणूस गुलाब आणि बोगनवेलीत रमत असे. भारतातल्या सुंदर वेलींवर त्यांनी लिहिलेलं इंग्रजी पुस्तक १९६० मध्ये निघालं आणि अजूनही चाळण्यासारखं आहे. १९६६ मध्ये जगभरच्या बोगनवेलींच्या वाणांची नावं नोंदवण्याचं काम दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे आलं. ब्राझीलच्या वेलीची जन्मनोंद दिल्लीत होऊ लागली, याचं मला अजून कौतुक वाटतं.

इतकं होऊनही आपल्या घरात तिला मान नाही, हे कबूल करायला हवं. तिला वास नाही. ती देवाला वाहत नाहीत, गजऱ्यात माळत नाहीत. ‘कागदाची फुलं’ म्हणून बायका तिला बाजूला सारतात. तिची जागा तहसील कचेरीच्या कुंपणावर, शाळेच्या फाटकावर, पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात आणि चौपदरी रस्त्यांच्या दुभाजकांत. दुभाजकात ती लावतात त्याला कारणं आहेत. समोरच्या गाडीच्या दिव्यांचा झोत ती अडवते, टँकरनं कधीमधी घातलेल्या पाण्यावर तगते, आणि काट्यांमुळे मोकाट गुरं सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. शेळीची गोष्ट वेगळी. शेळी काय खात नाही? पण कुणी लावलं नाही, कुणी जपलं नाही तरी फुलते, म्हणून ती सरकारी, असं जे आपल्या मनात बसलं आहे ते तिच्यावर अन्याय करणारं आहे. जी वेल रस्त्याच्या धुरळ्यात इतकी फुलते, ती नीट छाटून, योग्य जागी लावून फुलवली तर काय दिसते हे आपल्याकडे फारसं कुणी पाहिलेलंच नाही.

पाथरीला तशी ओळखीची कमतरता नाही. अहमदनगरच्या निझामशाहीचा मूळपुरुष पाथरीच्या ब्राह्मण कुळातला, असं फिरिश्तानं लिहून ठेवलं आहे, आणि या गावाच्या मालकीवरून निझामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही सोळाव्या शतकात लढल्या. साईबाबांचं जन्मस्थान म्हणून गावाचं नाव घेतलं जातं. जानेवारी २०२० मध्ये त्यावरून शिर्डी आणि पाथरीत जो वाद झाला तो साऱ्या राज्यानं पाहिला. त्या वादात पडण्याचं इथं कारण नाही. बांधकामं मात्र वाढली आहेत, आणि नवं घर, लॉज, मंगल कार्यालय उभं राहिलं की त्याच्या फाटकावर कमान आणि कमानीवर वेल हवी असते. ती बहुधा घाईनं, चुकीच्या जागी आणि पाण्याच्या टाकीला खेटून लावली जाते. तेव्हा जागेपासून सुरुवात करू.

बोगनवेलीला दिवसातले पाच-सहा तास थेट ऊन हवंच. उत्तरेच्या भिंतीला, मोठ्या लिंबाच्या सावलीत ती जगेल, फुलणार नाही. दक्षिण किंवा पश्चिमेची तापणारी सिमेंटची भिंत, जिथं दुसरं काही टिकत नाही, ती तिची जागा. जुन्या माळवदाच्या घरावर मात्र तिला चढवू नये. वाढलेल्या वेलीचं ओझं मोठं असतं, पाला कुजून वर ओल धरतो आणि मातीचं धाबं गळायला लागतं. मोरीचं सांडपाणी जिथं जिरतं ती जागाही नको. उसाच्या फडालगत शेतातलं घर असेल तर पाझर कुठून येतो ते आधी बघावं.

आता खड्डा. बहुतेक पुस्तकांत लिहिलेलं असतं, दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, मुरूम-पोयटा-शेणखतानं भरा. हलक्या रानाला हे ठीक. खोल काळ्या मातीत मात्र मुरमानं भरलेला खड्डा पावसाळ्यात आडासारखा भरतो; भोवतालची चिकण माती पाणी सोडत नाही आणि सगळं पाणी त्या मोकळ्या खड्ड्यात येऊन थांबतं. श्रावणात मुळ्या कुजतात, आणि पानं गळाली की आपण वेल तहानली समजून आणखी पाणी घालतो. काळ्या रानात खाली जाण्यापेक्षा वर यावं. खड्डा फूटभरच घ्यावा, त्यावर जाड मुरूम, पोयटा आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून दीड फुटाचा उंचवटा करावा, पाणी बाहेर जाईल असा उतार ठेवावा आणि वेल त्या उंचवट्यावर लावावी. पाथरी परिसरासाठी या पुस्तिकेतला सगळ्यात कामाचा सल्ला कोणता असं विचारलं तर मी हाच सांगेन.

रोप लावताना पिशवी फाडून काढावी आणि हुंडी फुटू देऊ नये. बोगनवेलीची हुंडी फुटली की अर्ध्या मुळ्या गेल्या. गुलाबासारखं तिला उपटून, झटकून दुसरीकडे लावता येत नाही. लावल्यावर पहिलं वर्ष तिला नियमानं पाणी लागतं, हे विसरू नये; ताण हा जमलेल्या वेलीसाठी आहे, तान्ह्या रोपासाठी नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर हात आखडता घ्यायचा. खुरप्यानं चार बोटं उकरून बघावं. खाली ओल लागली तर पाणी नको. ती तहानली तर स्वतः सांगते, सकाळीच पानं लोंबलेली दिसतात. दुपारी लोंबली आणि संध्याकाळी सावरली, तर ती तहान नव्हे, नुसतं ऊन.

तिला वेल म्हणतो खरं, पण ती दुसऱ्या वेलींसारखी चढत नाही. तिला ताणे नाहीत, ती आधाराभोवती वळसेही घालत नाही. लांब फांद्या फेकते, काट्यांनी आधाराला अडकते आणि रेलते. म्हणून कमानीवर न्यायची असेल तर कोवळ्या फांद्या वाकतात तेव्हाच सुतळीनं सैल बांधत न्यायच्या. आडव्या बांधलेल्या फांदीवर प्रत्येक पेऱ्यातून फुटवा येतो आणि फुलं दाट लागतात. उभी सोडलेली फांदी फक्त टोकाला फुलते. कुंपणावरच्या आणि भिंतीवरच्या वेलींत जो फरक दिसतो तो पुष्कळदा एवढ्यामुळेच असतो.

छाटणी मृगाच्या तोंडावर. उन्हाळ्याचा बहर ओसरलेला असतो, पाऊस यायचा असतो. वाळकी, आतल्या गर्दीची, वेडीवाकडी गेलेली फांदी मुळापासून काढायची. उरलेल्या फांद्या निम्म्यावर आणायच्या. जाड हातमोजे घातल्याशिवाय हे काम करू नये, काट्याचा ओरखडा ठणकतो. पावसाळाभर ती वाढते, वाढू द्यावं. पावसाळ्यात फुलं कमी आली म्हणून घाबरू नये. शेंडे मात्र दोनदा खुडावेत, शेवटचे हस्त लागायच्या सुमारास. फुलं नव्या फुटव्यांवर येतात आणि शेंडा खुडला की एकाचे चार फुटवे होतात. हस्ताचा पाऊस सरला की पाणी बंद. काळ्या मातीत दिवाळीपर्यंत ओल असतेच, म्हणून ताण खरा बसतो तो त्यानंतर. दिवस लहान होत असतात, थंडी उतरते, आणि वेल रंगायला लागते. पहिले झुबके दिसले की हलकं पाणी. हा बहर ओसरला की पुन्हा पंधरा-वीस दिवस कोरडं, पुन्हा पाणी. फेब्रुवारी ते मे हा मोठा बहर. मोसंबीवाल्याला यात नवीन काय आहे?

खताबद्दल थोडक्यात. छाटणीनंतर दोन पाट्या कुजलेलं शेणखत, मूठभर सुपर फॉस्फेट आणि थोडं पालाश पुरतं. युरिया नको. पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर तो लोहाचा तुटवडा, आणि चुनखडीच्या रानात तो येतोच. लिटरला ५ ग्रॅम हिराकस घालून संध्याकाळी फवारावं. तरीही पिवळेपणा हटत नसेल तर माती तपासून घ्यावी. १९७२ पासून परभणीत कृषी विद्यापीठ आहे, आज ते वसंतराव नाईकांच्या नावानं ओळखलं जातं; इतक्या जवळ असताना अंदाजानं खतं टाकत बसण्याला अर्थ नाही. किडींत पिठ्या ढेकणाकडे लक्ष ठेवावं. कापूसवाल्यांना तो सांगायला नको. मुंग्यांची रांग फांदीवर दिसली की शेंड्याजवळ तो बसलेला असतो. पाण्याचा जोरदार फवारा आणि निंबोळी अर्क बहुधा पुरतो.

रोपं घरी करता येतात. पेन्सिलीएवढी जाड, पिकलेली काडी, वीतभर लांबीची, खालच्या बाजूला डोळ्याखाली तिरपी कापून, मुळ्या फुटण्याचं संजीवक लावून वाळू-पोयट्यात सावलीला लावायची. फेब्रुवारीत किंवा पावसाळ्यात. जांभळी, गावठी समजली जाणारी वेल काडीवर सहज लागते. दोन रंगी, पांढऱ्या आणि दुहेरी झुबक्यांच्या ‘महारा’सारख्या वाणांच्या काड्या बऱ्याच दगा देतात, त्यांना गुटी बांधावी किंवा जांभळीवर डोळा भरावा. ‘महारा’बद्दल एक नापसंती नोंदवून ठेवतो: तिचे भरगच्च झुबके वाळल्यावर गळून पडत नाहीत, तपकिरी होऊन फांदीवर लोंबत राहतात. विकत घेताना रोपवाटिकेत ती फुललेली असते, म्हणून सगळ्यांना तीच हवी असते.

जागा नसेल तर कुंडी. कुंडीत ती जमिनीपेक्षाही लवकर फुलते, कारण मुळ्यांना कोंडी झालेली तिला चालते आणि पाणी आपल्या मुठीत राहतं. बारा-चौदा इंची कुंडी, तळाला विटांचे तुकडे, आणि दरवर्षी मोठी कुंडी बदलण्याची हौस नको.

पुढची प्रकरणं याच गोष्टी एकेक घेऊन, चित्रांसह सांगतात. बोन्साय आणि फुलं आणणारी संजीवकं या दोन विषयांना मी हात लावलेला नाही; पहिल्याला स्वतंत्र पुस्तक लागेल, दुसऱ्याची अंगणात गरज नाही. प्रकरणं ओळीनं वाचलीच पाहिजेत असंही नाही. पुस्तिका मे महिन्यात हाती आली तर उंचवट्याचं प्रकरण आधी वाचावं, माती तापायला तेवढे दिवस मिळतात. जूनमध्ये छाटणीचं, पावसाळ्यात कलमांचं. दिवाळीनंतर आली, आणि दारातली वेल हिरवीगार, काटेरी आणि बिनफुलांची असेल, तर वाचन राहू द्यावं. आधी उठून नळी बंद करावी.